बेटांनी मांडलेला दावा

पॅसिफिकमधल्या तुवालू या बेटदेशात पुलाका नावाचा अळूच्या जातीचा कंद जमिनीत खड्डे खणून, खालच्या गोड्या पाण्यावर वाढवतात. आता हवामान बदलामुळे समुद्र वर चढतो, त्या खड्ड्यांत त्याचे पाणी झिरपते आणि कंद कुजतो. शेतात खारे पाणी शिरले की काय होते, हे कोकणातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. जगाच्या कार्बन उत्सर्जनात अशा बेटांचा वाटा नगण्य. भोगणे मात्र पहिले त्यांच्या वाट्याला.

म्हणूनच त्यांनी कायद्याचे दार ठोठावले. सुरुवात केली ती 2019 मध्ये पॅसिफिकमधल्या कायद्याच्या 27 विद्यार्थ्यांनी. हवामान बदलाबाबत देशांची कर्तव्ये कोणती, यावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत घ्यावे, ही त्यांची मागणी वानुआतू या बेटदेशाने उचलून धरली. मार्च 2023 च्या पहिल्याच आठवड्यात त्या देशाला दोन चक्रीवादळांनी झोडपले आणि त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने असे मत मागणारा त्याचा ठराव एकमताने संमत केला. 23 जुलै 2025 रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एकमुखाने मत दिले: हवामानाचे रक्षण हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे, ते मोडणाऱ्याला भरपाईही द्यावी लागू शकते.

हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे, बंधनकारक नाही. तरीही यापुढे मदत मागताना बेटांना हात पसरावे लागणार नाहीत. हक्काने बोलता येईल. सुनावणीत भारताने विकसित देशांच्या ऐतिहासिक जबाबदारीवर बोट ठेवले, ते रास्तच. पण सध्याच्या करारांपलीकडे नवी बंधने नकोत, ही आपली भूमिका अपुरी होती. एवढा मोठा किनारा असलेल्या देशाने ती बदलावी आणि या बेटांच्या बाजूने उघडपणे उभे राहावे.