हौसेला मोल असते!

‘हौसेला मोल नाही’ ही म्हण ज्याने काढली त्याला एक तर हौस नसावी, नाही तर पैशाची वाण नसावी. दर रविवारी सकाळी आमच्या नाहूरला, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या सिमेंटच्या पटांगणावर, ही म्हण मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता तिच्याविरुद्ध लेखणी उचलण्यावाचून गत्यंतर उरलेले नाही. दिवाळीत भांडण काढू नये म्हणतात. पण फराळाच्या ताटात चकलीही असतेच. सगळेच काही लाडू नसतात.

विषय आहे रेडिओवर चालणाऱ्या छोट्या मोटारींच्या शर्यतींचा. “इश्श, खेळण्यातल्या मोटारी!” म्हणून जे वाचक पान उलटणार असतील त्यांनी क्षणभर दम धरावा. ही गाडी खऱ्या गाडीच्या एकदशांश, म्हणजे जेमतेम हातभर लांब असते. पण तिला खरे डिफरन्शियल असते, तेल भरलेले शॉक-अॅब्सॉर्बर असतात, आणि ते तेल पातळ की दाट यावर गाडी वळणात टिकते की कोलांटी खाते हे ठरते. चालवणारा लांब उभा असतो. गाडी त्याच्यापासून दूर जात असते तोवर सारे सोपे. ती वळून त्याच्याकडे येऊ लागली की डावे ते उजवे आणि उजवे ते डावे होते. एवढे अंगवळणी पडण्यातच पहिले सहा महिने जातात. मी तीस वर्षे लेथवर उभा राहिलेला माणूस आहे. हाताच्या कसबाला मी उगीच मान देत नाही. या खेळात कसब आहे. निदान होते.

तामिया हे नाव या नादातल्या माणसांना देवासारखे. त्या जपानी कारखान्याचे शुन्साकु तामिया यांनी पोर्शची प्रतिकृती करायची म्हणून खरीखुरी पोर्श विकत घेतली आणि ती सुटी करून पाहिली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यातून पुढे १९७६ साली त्यांची रेडिओवर चालणारी पहिली गाडी निघाली. खोक्यात तयार गाडी नव्हे, सुटे भाग यायचे. बापलेकांनी शेजारी बसून, नकाशा पाहून, एकेक स्क्रू पिळून ती उभी करायची. माझ्या मते खेळातला निम्मा आनंद तिथेच होता.

आमच्याकडे हा नाद आला तेव्हा नाहूरला स्टेशनही नव्हते. ते झाले २००६ साली. भांडुपला किंवा मुलुंडला उतरून चालत यावे लागे. पण लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांना कारखाने होते, आणि त्यांच्या आडोशाला लहान लहान वर्कशॉपे. गाडीचा एखादा आस वाकला, चाकाचा हब फुटला, तर तुकडा खिशात घालून जायचे. कोणी तरी ओळखीचा टर्नर जेवणाच्या सुट्टीत तसाच दुसरा उतरवून द्यायचा. मोल काय? एक वडापाव आणि कटिंग चहा. इलेक्ट्रिकचे सामान लॅमिंग्टन रोडला मिळे. फेऱ्या मोजायला कोणाची तरी बहीण खडू घेऊन भिंतीपाशी बसे. आता त्या कारखान्यांच्या जागी मनोरे उभे आहेत, वर्कशॉपे उठली, आणि तोच हब परदेशातून पुठ्ठ्याच्या पाकिटात बसून येतो.

आता पैशांचे बोलू. पटांगणावर कोणालाही विचारा, “खेळ महाग का झाला?” उत्तर ठरलेले : “सरकार!” त्यात तथ्य नाही असे नाही. जकातीच्या कोष्टकात ९५०३ या आकड्याखाली बाहुल्या, तीनचाकी सायकली, कोडी आणि छोट्या प्रमाणावरच्या प्रतिकृती, मग त्या चालत्या असोत वा नसोत, सगळ्या एकाच पंगतीला बसवल्या आहेत. २०२० च्या अर्थसंकल्पात या पंगतीवरची जकात २० टक्क्यांवरून ६० वर नेली. २०२३ मध्ये ती ७० झाली. त्यावर विजेच्या खेळण्यांचा १८ टक्के जीएसटी. म्हणजे १०० रुपयांचा माल बंदरावरून बाहेर पडेपर्यंत २०० च्या पुढे गेला, आणि दुकानदाराने अजून नफ्याचा पैसाही लावलेला नाही! सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना चार गिऱ्हाइके जास्त मिळावीत म्हणून जकात बसवली असेल तर मी पहिली टाळी वाजवीन. पण शर्यतीच्या गाडीचे डिफरन्शियल सावंतवाडीला होत नाही, आणि ते अडवून तिथल्या कारागिराच्या पानात काही जास्त पडत नाही. बाहुली आणि यंत्र यांतला फरक ओळखण्याइतके डोळे कोष्टक करणाऱ्यांना असायला हरकत नव्हती.

पण मंडळी, सरकारने भाव दुप्पट केला. त्याचा दहापट कोणी केला? तुम्ही आम्हीच.

ते कसे झाले ते सांगतो, कारण हे गणित मला लोखंडाच्या बाजूने कळते. पूर्वी सगळ्यांच्या गाडीत कार्बनच्या ब्रशांची साधी मोटार असे आणि निकेलची बॅटरी. वेग बेताचा. मग एकाने ब्रश नसलेली मोटार आणली आणि तिच्या जोडीला लिथियमची बॅटरी. गाडी बाणासारखी सुटली. पुढच्या रविवारी आणखी दोघांनी आणली. आता एवढा जोर प्लॅस्टिकच्या दात्यांना कसा सोसणार? दाते गेले, पोलादी आले. पोलादी दात्यांनी धक्का पुढे आसाला दिला, आस बदलला. वेग वाढला म्हणून वळवणारा सर्व्हो तोकडा पडला, तो बदलला. मग टायर धरीनात. टायर नरम हवेत, आणि नरम टायर दोन रविवारी झिजतात. धडक पूर्वी गाडी खरचटवून जायची, आता पुढचा सांगाडा मोडून जाते; म्हणून सांगाडा कार्बन फायबरचा. एका मोटारीच्या मागे ही सारी वरात आली! आणि एवढे करून झाले काय? पहिला आलेला पहिलाच आला, तिसरा तिसराच. पूर्वीपेक्षा सगळे जोरात गेले, इतकेच. आज बऱ्या प्रतीची साधी गाडी घ्यायची तरी तीस-चाळीस हजारांची गोष्ट झाली आहे, आणि ती घेऊन आलेला नवखा पहिल्याच दिवशी ऐकतो, “यात काय होणार? आधी मोटार बदला.” कित्येक गृहस्थ पार्सल घरी न मागवता कचेरीच्या पत्त्यावर मागवतात. का, ते गृहिणींनी त्यांनाच विचारावे. दिवाळीत मी कशाला कोणाच्या घरात काडी टाकू?

भांडुपच्या टेकडीवरचा एक मुलगा आमच्याकडे येतो. वडील रिक्षा चालवतात. त्याने कोणाची तरी टाकून दिलेली गाडी डागडुजी करून उभी केली होती, आणि साध्या मोटारींच्या काळात तो आमच्यातल्या भल्याभल्यांना मागे टाकी. बोट इतके हलके की गाडी वळणात शिरताना घसरली हे आपल्याला कळायच्या आत त्याने सावरलेली असे. हल्ली तो शर्यतीत नसतो. येतो मात्र न चुकता. शर्यतीत प्रत्येक कोपऱ्यावर एक जण उभा करावा लागतो. गाडी उलटली की धावत जाऊन ती सरळ करायची, हे त्याचे काम. “काका, मी कोपऱ्यावर उभा राहतो,” म्हणतो. पटांगणावरचा सर्वांत चांगला चालवणारा दर रविवारी दुसऱ्यांच्या उलट्या गाड्या सुलट्या करीत असतो, आणि पलीकडे छत्रीखाली कोणी तरी सांगत असते, हौसेला मोल नाही. या वाक्याची मला चीड येते ती यासाठी.

याच्यावर एक विद्वत्तापूर्ण उत्तर मला ऐकवले जाते : बंधने घातली तर प्रगती खुंटेल. काय सांगता! कॅरम घ्या. स्ट्रायकर १५ ग्रॅमपेक्षा जड चालत नाही. त्यामुळे कॅरमची कोणती प्रगती खुंटली? उलट म्हणूनच तो चाळीच्या गॅलरीत राहिला. नाही तर शेटजी शिशाचा स्ट्रायकर घेऊन आले असते आणि गिरणीतला पोरगा बघत बसला असता. डिसेंबर १९७९ मध्ये पर्थच्या कसोटीत डेनिस लिली अॅल्युमिनियमची बॅट घेऊन मैदानात उतरला. गडबड झाली, बॅट बदलावी लागली, आणि पुढे नियमातच आले की बॅट लाकडाची हवी. क्रिकेट काही त्याने मेले नाही. आणि ज्यांच्या थाटाची नक्कल आपण हातभर गाड्यांत करतो त्या फॉर्म्युला वनच्या धनाढ्य मंडळींनीसुद्धा २०२१ पासून संघाच्या वार्षिक खर्चाला मर्यादा घातली. पहिल्या वर्षी ती साडेचौदा कोटी डॉलर होती. त्यांना खर्च झेपेना, आणि आम्हाला झेपतो म्हणे!

खुद्द या खेळातही परदेशी क्लबांत ठरावीक वेटोळ्यांच्या मोटारीचा वेगळा गट असतो. तामियाच्या शर्यतींत तर मोटार आयोजकच हाती देतात, अशी पद्धत आहे. तेव्हा माझी सूचना काही जगावेगळी नाही. एक गट असा असावा : ब्रशांची बंद डब्याची एकाच जातीची मोटार, सगळ्या मिळून एका पिशवीत. सकाळी चिठ्ठीने उचलायची, दुपारी परत पिशवीत टाकायची. टायरांचा एक संच सबंध मोसमाला. पहिल्या दिवशी त्यावर रंगाची खूण. बॅटरी सर्वांची एकसारखी. आणि शेवटचे कलम अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतींवरून उचललेले : शर्यत संपल्यावर जिंकलेली गाडी कोणाही स्पर्धकाने १५ हजार रुपये मोजून मागितली तर मालकाला ती द्यावी लागेल. मग कार्बन फायबर लावायचा त्याने खुशाल लावावा!

या कलमावरच सर्वांत मोठा आरडाओरडा झाला. एका सद्गृहस्थांनी तर हा सरळ दरोडा आहे असे सांगितले. मी म्हटले, दरोडा कसला? तुमची गाडी १५ हजारांहून जास्तीची नसेल तर तुमचे काय जाते? ते काही बोलले नाहीत. गाडीवरची धूळ पुसत राहिले.

कागद मी तयार केला आहे. आतापर्यंत चौघांनी सह्या केल्या. पाचवे म्हणतात, सही करतो, पण पिशवीतली मोटार कोणत्या जातीची ते आधी सांगा. महिनाभर घरी नेऊन पाहतो, तिच्यात काय करता येण्यासारखे आहे का. त्यांना मी पिशवीला कुलूप घालणार असल्याचे कळवले आहे. किल्ली कोपऱ्यावरच्या त्या मुलाकडे राहील.