वाहनतळ कोणाच्या अखत्यारीत?

छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे जाणारा महामार्ग फुलंब्री ओलांडून सिल्लोडात शिरतो आणि पुढे अजिंठ्याकडे निघतो. कापूस, मका आणि मिरचीच्या या बाजारगावात माल घेऊन आलेला शेतकरी, तहसील कचेरीत खेटे घालणारा ग्रामस्थ, लेणी पाहायला निघालेला पर्यटक आणि गावातला रहिवासी अशा सर्वांनाच वाहन उभे करायला जागा हवी असते. महामार्गाचे रुंदीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. वाहने वाढायची मात्र थांबली नाहीत.

अशा गावात गल्लीतले रहिवासी एकत्र येतात, तेव्हा पहिले अर्ज गटार, पथदिवे आणि पाण्याचे असतात. त्यांचा निकाल बरावाईट कसाही लागो, दार एकच असते, नगरपरिषदेचे. वाहनतळाचे तसे नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११७ नुसार वाहने उभी करण्याच्या जागा ठरविण्याचा अधिकार राज्य शासनाचा किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या यंत्रणेचा. स्थानिक संस्थेशी फक्त विचारविनिमय करावयाचा. दंड पोलिसांनी आकारायचा. महामार्गाची हद्द वेगळ्या खात्याची, आतले रस्ते नगरपरिषदेचे. नव्या इमारतीने किती जागा सोडावी हे २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत लिहिलेले आहे, पण नकाशातला वाहनतळ पुढे गोदाम होतो याची तपासणी कोण करतो? रहिवाशांचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो, आणि प्रत्येक टेबलावरचे उत्तर नियमाला धरूनच असते.

नागरिकांचा सहभाग हा यावरचा उपाय म्हणून नेहमी सांगितला जातो. परंतु १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या, त्या ३ लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरत्या. २०११ च्या जनगणनेत ६० हजारही न भरलेले सिल्लोड त्या रेषेच्या फार खाली राहते. महापालिकांच्या कायद्यात २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद आली, तीही बहुतांशी कागदावरच राहिली. त्यात राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांचा कारभार डिसेंबर २०२५ मधील निवडणुकांपर्यंत काही वर्षे प्रशासकांच्याच हाती होता. म्हणजे गाऱ्हाणे ऐकणारा नगरसेवकही नव्हता.

मोठ्या शहरांनी यातून फार काही साधले असेही नाही. मुंबईत नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात घाटकोपरच्या जोशी लेनपासून स्थानिक नागरी व्यवस्थापनाची चळवळ उभी राहिली. कचरा वेगळा करणे आणि गल्ली स्वच्छ ठेवणे येथे तिला चांगले यश आले, कारण ते काम रहिवाशांच्या स्वतःच्या हातात होते. मुंबई महापालिकेने जुलै २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या परिसरात बेकायदा उभ्या वाहनांना हजारो रुपयांचा दंड लावला, तो वरून आलेला निर्णय होता. पुण्यात मार्च २०१८ मध्ये मंजूर झालेले वाहनतळ धोरण विरोधामुळे मोजक्या रस्त्यांच्या प्रयोगापुरते आक्रसले. गाडी दारात फुकट उभी करणे हा हक्कच आहे, ही समजूत सर्व पक्षांना सारखीच सोयीची ठरली. जपानने १९६२ च्या कायद्याने मोटारमालकाकडून जागेचा पुरावा मागायला सुरुवात केली. महाराष्ट्रात जागेच्या दाखल्याशिवाय नवी वाहननोंदणी नाही, ही घोषणा परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये केली.

रहिवासी संघटनांची एक बाजू क्वचितच बोलली जाते. त्यांत बोलणारे बहुधा घरमालक आणि वाहनमालक असतात. रस्ता मोकळा करा, असे ते म्हणतात तेव्हा पहिला हातगाडीवाला उठतो, मोटार जागेवरच राहते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांना हटविण्यापूर्वी सर्वेक्षण बंधनकारक केले आहे आणि नगर पथविक्रेता समितीत रहिवासी संघटनांसोबत खुद्द विक्रेत्यांनाही स्थान दिले आहे. छोट्या शहरातील गल्लीच्या मंडळाला कायद्याने दिलेली हीच एक खुर्ची आहे. त्या खुर्चीवर बसण्याआधी मंडळाने बाजाराच्या दिवशी आपल्याच रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ मोजणी करावी: दुचाकी किती, मालाचे टेम्पो किती, दिवसभर न हललेल्या मोटारी किती आणि त्यांतल्या गावातल्याच किती. या कामाला कोणाची परवानगी लागत नाही, आणि ती नोंद हाती असेल तर पोलीस ठाण्यात, नगरपरिषदेत व महामार्ग खात्यात तोच एक कागद तीन टेबलांवर ठेवता येईल.