सोबत कोण?

पहाटे देवबागला कर्ली नदीत एकटीनं कायाक घालायची म्हटलं, की घरातून पहिला प्रश्न, ‘सोबत कोण?’ मैत्रिणींनो, सोबत भरतीची! तिच्याबरोबर नदीत वर जावं, पाणी फिरलं की परतावं. ओहोटीत मात्र मुखाकडे फिरकू नये, पाणी थेट समुद्रात ओढतं. लाइफ जॅकेट हवंच, आणि परतायची वेळ काठावर कुणाला तरी सांगून ठेवावी. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढं सरकते. तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना हे घड्याळाशिवाय कळतं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत तर २०१७ मध्ये बचत गटाच्या बायकांनी पर्यटकांसाठी वल्हं हाती घेतलं. पोटासाठी बाई पाण्यावर गेलेली चालते. नुसती मजेसाठी गेली की भुवया उंचावतात! घरच्यांचा चहा तासभर उशिरा झाला, तर होऊ दे.