सवलत विद्यार्थ्याला; दाखला कोणाचा?

जून-जुलै महिन्यांत कोणत्याही महाविद्यालयाच्या कार्यालयासमोर जी रांग लागते, तिच्यातील बहुतेकांना एकच कागद हवा असतो : आपण येथे शिकतो असे सांगणारा बोनाफाईड दाखला. एस. टी.चा पास, उपनगरी रेल्वेचा सवलतीचा पास, वसतिगृह, शिष्यवृत्ती, बँकेचे शैक्षणिक कर्ज, या सर्वांची वाट त्याच एका खिडकीवरून जाते. या यादीत आता संगणकाची भर पडली आहे. ॲपल, लेनोव्हो, एचपी यांसारख्या कंपन्या भारतातील विद्यार्थ्यांना काही कमी किमतीत संगणक देऊ करतात. ही सवलत घेणाऱ्याने आपण विद्यार्थी असल्याचे सिद्ध करावे, अशी कंपनीची अपेक्षा असते व ती रास्तही आहे. प्रश्न आहे तो, हे सिद्ध करायचे कसे आणि कोणापुढे, हा.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही सवलत म्हणजे कंपनीचा दानधर्म नव्हे. अर्थशास्त्रात हिला मूल्यभेद म्हणतात. एकच वस्तू निरनिराळ्या गटांना निरनिराळ्या किमतींस विकण्याच्या या व्यवहाराचे पद्धतशीर विवेचन पिगू यांनी १९२० साली आपल्या ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात केले. ज्या गटाची मागणी किमतीच्या बाबतीत अधिक लवचीक, त्याला कमी किंमत लावली असता विक्रेत्याचा नफा घटत नाही, वाढतो. कारण ती सवलत नसती तर त्या गटातील अनेकांनी खरेदीच केली नसती. शिवाय विशीत हाताला बसलेल्या यंत्राची सवय पुढे नोकरीत व संसारात टिकते. ॲपलने १९८४ साली मॅकिंटॉश हा संगणक बाजारात आणला तेव्हा त्याची किंमत २,४९५ डॉलर होती. पण अमेरिकेतील चोवीस विद्यापीठांशी करार करून तो विद्यार्थ्यांना त्याहून पुष्कळच स्वस्त दिला गेला. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात तो सुमारे एक हजार डॉलरना मिळत असे. उदारतेपेक्षा त्यात दूरदृष्टी अधिक होती, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

त्या व्यवस्थेत विद्यार्थी कोण हे ठरविणे सोपे होते, कारण विक्री विद्यापीठामार्फतच होत असे. आज खरेदी घरबसल्या होते आणि विक्रेत्याला ग्राहकाचा चेहराही दिसत नाही. मूल्यभेद टिकण्यासाठी दोन गट वेगळे ठेवता आले पाहिजेत व स्वस्तात घेतलेली वस्तू महाग बाजारात जाता कामा नये. म्हणून काही कंपन्या एका खरेदीदारास वर्षाला किती नग घेता येतील यावर मर्यादा घालतात, आणि पडताळणीचे काम त्रयस्थ संस्थांकडे सोपवितात. ब्रिटनमध्ये २०११ साली स्थापन झालेली युनिडेज ही अशांपैकी एक. ॲपलने जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील आपल्या संकेतस्थळावर या संस्थेची पडताळणी सक्तीची केली आणि अवघ्या काही दिवसांत ती अट मागे घेतली. भारतातही तिने ही पद्धत वापरली आहे. एवढी मातबर कंपनीही या बाबतीत पुढे-मागे होते, यावरून प्रश्न दिसतो तितका सरळ नाही हे उघड आहे.

कोणत्याही पडताळणीत दोन प्रकारच्या चुका संभवतात. एक, विद्यार्थी नसलेला आत शिरतो. दुसरी, खरा विद्यार्थी बाहेर राहतो. पहिल्या चुकीत कंपनीचे थोडे नुकसान होते, पण सवलतीची किंमतही सामान्यत: उत्पादनखर्चापेक्षा जास्तच असल्याने तिच्या पदरी काहीच पडत नाही असे नव्हे. दुसऱ्या चुकीत ज्याच्यासाठी सवलत निर्माण झाली, तोच तिला मुकतो. सुखवस्तू घरातला मुलगा पूर्ण किंमत देऊन मोकळा होईल. ज्याच्या वडिलांनी कर्ज काढून पैसे उभे केले आहेत, त्याला दोन-चार हजारांच्या फरकाने खरेदी पुढे ढकलावी लागेल. कंपन्या स्वाभाविकपणे पहिल्या चुकीची चिंता करतात. दुसरीची चिंता करणारा आज कोणी नाही.

आणि ही दुसरी चूक कोणाच्या वाट्याला येते, हे पाहण्यासारखे आहे. अशा पडताळणीत प्रथम विचारणा होते ती संस्थेने दिलेल्या ई-मेल पत्त्याची किंवा संस्थेच्या संगणकीय प्रवेशाची. आयआयटीच्या अथवा एखाद्या श्रीमंत खाजगी विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला तो प्रवेशाच्या दिवसांतच मिळतो व त्याची पडताळणी काही क्षणांत होते. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्चशिक्षण सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ४ कोटी ३३ लक्ष विद्यार्थी उच्चशिक्षण घेत होते आणि महाविद्यालयांची संख्या ४५ हजारांवर होती. यांतील कितीतरी महाविद्यालये तालुक्याच्या गावी कला-वाणिज्य शाखा चालविणारी आहेत. तेथे प्राचार्यांचा पत्रव्यवहारही पुष्कळदा साध्या फुकटच्या पत्त्यावरून चालतो. विद्यार्थ्यांना पत्ते देण्याची गोष्टच दूर. त्यांनी मग ओळखपत्राचे छायाचित्र पाठवावे. ते मराठीत असेल, शिक्का पुसट असेल, वर्ष हाताने लिहिलेले असेल, तर दूरदेशीच्या तपासनिसाला ते ओळखता येईलच याची शाश्वती काय? म्हणजे ज्याची संस्था आधीच सधन, त्याला सवलत सुलभ. ज्याची संस्था निर्धन, त्याला ती दुर्लभ. गरजेच्या नेमके उलट प्रमाण ते हेच.

दुसरा मुद्दा माहितीचा. युनिडेजसारख्या संस्थांचा व्यवसाय केवळ पडताळणीचा नाही. निरनिराळ्या कंपन्यांचा माल व जाहिराती विद्यार्थ्यांपर्यंत पोचविणे हाही आहे. एका संगणकापायी आपले नाव, जन्मतारीख, महाविद्यालय व अभ्यासक्रम कोणाच्या हाती जात आहेत, याचा विचार अठरा वर्षांचा मुलगा करीत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने विशिष्ट हेतूसाठी आवश्यक तेवढ्याच माहितीला संमती, हे तत्त्व स्वीकारले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांचा अंमल टप्प्याटप्प्याने होणार आहे. येथे हेतू इतकाच की, ही व्यक्ती आज विद्यार्थी आहे की नाही. उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच पुरे.

यावर कोणी म्हणेल की, कंपन्यांना संशय घ्यायला आपणच शिकविले. हा आक्षेप खोटा नाही. सवलत शिक्षकांनाही मिळते असे कळताच, खाजगी कंपनीत भरपूर पगार घेणारा भाचा प्राध्यापक मामाकडे येतो आणि मामा आपले नाव बिनदिक्कत देतो. पदवी होऊन तीन वर्षे झालेला मुलगा जुने ओळखपत्र जपून ठेवतो. कार्यालयातील ओळखीने एखादा दाखलाही निघतो. यात कोणाला आपण काही गैर करीत आहोत असे वाटत नाही. कंपनी परदेशी, नुकसान तिचे! वस्तुत: अशा प्रत्येक खरेदीमागून अटी अधिक कडक होत जातात आणि त्यांचा जाच भाच्याला होत नाही, पुढच्या रांगेत उभ्या असलेल्या खऱ्या विद्यार्थ्याला होतो. दाखल्याची किंमत दाखला देणाऱ्याच्या सचोटीइतकीच असते, हे शिक्षक व कर्मचारी या दोघांनीही ध्यानात ठेवले पाहिजे.

मार्ग अगदीच नाही असे नाही. विद्यार्थी कोण हे सांगण्याचा अधिकार मूलत: शिक्षणसंस्थेचा आहे, तो तिने सोडू नये. प्रवेशाची नोंद विद्यापीठाकडे असतेच. तिच्या आधारे विद्यार्थ्याच्या संमतीने केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देणारी सोय विद्यापीठाने केल्यास लहानमोठ्या सर्व महाविद्यालयांचे विद्यार्थी एका पातळीवर येतील. शासनाचे डिजिलॉकर २०१५ पासून आहे. गुणपत्रिका त्यात ठेवता येते, तर चालू वर्षाचा बोनाफाईड दाखला का ठेवता येऊ नये? ‘एसी डॉट इन’ हे शैक्षणिक पत्ते अर्नेट ही शासकीय संस्था देते. अनुदानित महाविद्यालयांना ते घेण्यासाठी साहाय्य करणे शासनाला जड नाही. आणि कंपन्यांनी सही-शिक्क्याचा मराठी दाखला मान्य करून तो वाचू शकणारा माणूस नेमावा. ज्या देशात माल विकायचा, त्या देशाची कागदपत्रे वाचण्याचा खर्च विक्रेत्याचाच.

राज्य परिवहन महामंडळाने २०२४ मध्ये विद्यार्थ्यांचे पास थेट त्यांच्या शाळा-महाविद्यालयांत देण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हा त्यामागचा विचार साधा होता : मुलाने पुराव्याचा कागद घेऊन आगारात खेटे घालण्यापेक्षा, ज्या संस्थेला तो ठाऊक आहे तिच्याकडेच जावे. जे लाल गाडीच्या पासाला लागू पडते, ते संगणकालाही लागू पडण्यास प्रत्यवाय नसावा. सवलतीचे आकडे कंपन्यांनी खुशाल ठरवावेत. पण आपल्या गावचा विद्यार्थी विद्यार्थी आहे की नाही, हे ठरविण्याचे काम त्यांच्यावर सोपवून आपण स्वस्थ बसलो, तर उद्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाला काय उत्तर द्यायचे, याचा विचार विद्यापीठांनी आजच करावा.