हवेत फुकट, केबलवर महाग: अमेरिकेत घरबसल्या चॅनल 'गायब' का होतात?

4 नोव्हेंबर 2025. न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक. झोहरान ममदानी जिंकणार का, याकडे अमेरिकेइतकंच भारतातल्या सोशल मीडियाचंही लक्ष लागलं होतं. त्या दिवशी यूट्यूब टीव्हीवर एबीसी न्यूज लावायला गेलेल्या अमेरिकन प्रेक्षकांना मात्र चॅनलच सापडत नव्हतं.

यात ना तांत्रिक बिघाड होता, ना सरकारी बंदी. एबीसीची मालक कंपनी डिस्ने आणि यूट्यूब टीव्हीची मालक कंपनी गूगल यांचं पैशांवरून फिसकटलं होतं. 30 ऑक्टोबरच्या रात्री करार संपला, नवा झाला नाही आणि डिस्नेची सगळी चॅनल एका झटक्यात बंद झाली. एबीसी, ईएसपीएन, एफएक्स, नॅशनल जिऑग्राफिक, सगळी. प्रेक्षकांनी आधी रेकॉर्ड करून ठेवलेले कार्यक्रमही त्यांच्या लायब्ररीतून गेले.

यूट्यूब टीव्ही म्हणजे आपण रोज बघतो ते यूट्यूब नव्हे. इंटरनेटवरून चालणारी ती एक प्रकारची केबल सेवाच आहे. महिन्याचे 82.99 डॉलर भरायचे आणि शंभरावर चॅनल बघायची. तिचे ग्राहक साधारण एक कोटीच्या घरात आहेत, असं सांगितलं जातं.

मतदानाच्या आदल्या दिवशी डिस्नेने एक प्रस्ताव दिला: लोकहितासाठी निवडणुकीच्या दिवसापुरतं एबीसी सुरू करा. गूगलचं उत्तर होतं की एका दिवसासाठी चॅनल आणून पुन्हा काढलं तर ग्राहकांचा गोंधळ उडेल. त्यापेक्षा बोलणी पूर्ण होईपर्यंत एबीसी आणि ईएसपीएन दोन्ही सुरू ठेवा. डिस्नेला ते मान्य नव्हतं. कारण उघड आहे. ईएसपीएनवर फुटबॉल होतं, आणि दबाव टाकायला डिस्नेच्या हातात असलेलं ते सगळ्यात भारी पान होतं. दोघांनीही लोकहिताचं नाव घेतलं आणि चॅनल बंदच राहिलं. शेवटी 14 नोव्हेंबरला करार झाला.

फुकट चॅनलचे पैसे कसले?

या भांडणातली खरी गंमत एबीसीत आहे. ईएसपीएन पैसे भरूनच बघायचं चॅनल आहे, त्यामुळे त्याचे दर मागणं समजू शकतं. पण एबीसी, सीबीएस, एनबीसी आणि फॉक्स ही अमेरिकेतली चार मोठी नेटवर्क हवेतून फुकट दिसतात. दुकानातून एक साधा अँटेना आणायचा, टीव्हीला जोडायचा, बस. एकेकाळी आपल्याकडे गच्चीवरच्या अँटेनावर दूरदर्शन दिसायचं तसंच. मग तेच चॅनल केबलवर दाखवायचे पैसे का?

उत्तर 1992 सालच्या एका कायद्यात आहे. त्याआधी केबल कंपन्या हवेतला सिग्नल उचलायच्या आणि स्टेशनला काहीही न देता आपल्या पॅकमध्ये टाकायच्या. लोक केबल घेत होते ते बऱ्याच अंशी याच चॅनलसाठी, म्हणजे माल स्टेशनचा आणि गल्ला केबलचा, अशी स्टेशनवाल्यांची तक्रार होती. काँग्रेसने नवा केबल कायदा केला. राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी त्यावर नकाराधिकार वापरला, पण काँग्रेसने तो झुगारून कायदा मंजूर केला. बुश यांच्या कारकिर्दीत असं एकदाच घडलं.

या कायद्याने प्रत्येक स्टेशनला दर तीन वर्षांनी निवड करायला सांगितली. एक तर केबल कंपनीला 'मला दाखवायलाच हवं' असा आग्रह धरायचा, पण मग पैसे मिळणार नाहीत. नाही तर 'माझ्या परवानगीशिवाय दाखवायचं नाही' म्हणायचं आणि परवानगीची किंमत मागायची. लहानसहान स्टेशनं पहिला मार्ग घेतात. ज्यांच्याकडे फुटबॉल, ऑस्कर आणि शहरातल्या बातम्या आहेत, ती दुसरा.

गंमत म्हणजे सुरुवातीला कुणालाच रोख पैसे मिळाले नाहीत. केबल कंपन्यांनी साफ नकार दिला. त्याऐवजी त्यांनी नेटवर्कच्या नव्या चॅनलना आपल्या यादीत जागा दिली. ईएसपीएन 2 आणि एफएक्स अशाच देवाणघेवाणीतून उभी राहिली. रोख मागण्यावर अडून बसलेल्या सीबीएसच्या हाती तेव्हा काहीच लागलं नाही.

पुढे डीटीएच आलं, फोन कंपन्या टीव्हीच्या धंद्यात उतरल्या आणि केबलची मक्तेदारी मोडली. आता एका कंपनीवर चॅनल नसेल तर ग्राहक दुसरीकडे जाऊ शकत होता. ताकद स्टेशनकडे सरकली. 2006 च्या सुमारास या परवानगीपोटी मिळणारी एकूण रक्कम वीसेक कोटी डॉलर होती. 2019 पर्यंत ती एक हजार कोटी डॉलरच्या पुढे गेली.

मॅचच्या तोंडावरच करार कसा संपतो?

करार कधी संपणार हे दोन्ही बाजूंना काही वर्षं आधीपासून माहीत असतं. तरी भांडण पेटतं ते मोठ्या मॅचच्या किंवा सोहळ्याच्या तोंडावर. हा योगायोग नाही.

मार्च 2010 मध्ये न्यूयॉर्क परिसरातल्या केबलव्हिजनच्या तीसेक लाख ग्राहकांचं एबीसी ऑस्करच्याच दिवशी बंद झालं. सोहळा सुरू होऊन साधारण पाव तास झाल्यावर परत आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याच केबलव्हिजनवर फॉक्स दोन आठवडे बंद होतं आणि बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचे पहिले सामने त्यात गेले. 2013 मध्ये सीबीएस आणि टाइम वॉर्नर केबल यांचं भांडण अख्खा ऑगस्ट चाललं आणि फुटबॉलचा हंगाम तोंडावर आल्यावर मिटलं. त्या तिमाहीत टाइम वॉर्नर केबलने टीव्हीचे तीन लाखांवर ग्राहक गमावले. सप्टेंबर 2023 मध्ये डिस्ने आणि चार्टरचा वाद 'मंडे नाइट फुटबॉल'च्या काही तास आधी सुटला.

स्क्रीनवर जे दिसतं ते तर आणखी मजेशीर असतं. स्टेशन खाली पट्टी फिरवतं: 'तुमची केबल कंपनी तुमचं आवडतं चॅनल काढून घेतेय, फोन करा.' केबल कंपनी ग्राहकांना मेल पाठवते: 'चॅनलवाले अवाजवी दर मागतायत, आम्ही तुमच्यासाठी लढतोय.' दोघेही प्रेक्षकाला एकमेकांच्या अंगावर सोडतात. करार झाला की दोघांचं 'ग्राहकांच्या संयमाबद्दल आभार' मानणारं निवेदन येतं आणि दर काय ठरला ते गुपित राहतं.

गुपित असलं तरी त्याची झळ बिलात दिसते. अमेरिकेतली मोठी केबल कंपनी कॉमकास्टने 2014 मध्ये 'ब्रॉडकास्ट टीव्ही फी' नावाची वेगळी ओळ बिलात आणली. तेव्हा ती दीड डॉलर होती. आता अनेक भागांत ती 20 डॉलरच्या पुढे आहे. जाहिरातीत पॅकचा दर वेगळा आणि बिलात ही फी वेगळी, हा प्रकार इतका वाढला की 2024 मध्ये एफसीसीला, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाला, पूर्ण किंमत एकत्र दाखवण्याचा नियम करावा लागला.

चॅनल बंद असतानाच्या दिवसांचे पैसे आपोआप परत मिळतात का? नाही. यूट्यूब टीव्हीने 2025 च्या वादात ग्राहकांना 20 डॉलरची सूट देऊ केली, पण ती कंपनीच्या मर्जीने. बंद चॅनलसाठी भरपाई सक्तीची करावी, असा प्रस्ताव एफसीसीने जानेवारी 2024 मध्ये मांडला होता. एफसीसीच्या हातात मुळात फार काही नाही. दोन्ही बाजू 'प्रामाणिकपणे' बोलणी करतायत की नाही एवढंच तिला बघता येतं. दर ठरवून देणं किंवा वाद मिटेपर्यंत चॅनल चालू ठेवायला लावणं तिच्या अधिकारात नाही. 1992 च्या कायद्याने दोन पैलवान आखाड्यात उतरवले, पंच नेमला नाही.

गावच्या बातम्यांचं काय?

स्टेशनवाल्यांचा सगळ्यात जड युक्तिवाद बातम्यांचा आहे आणि तो खोटा नाही. अमेरिकेत शहरागणिक स्थानिक स्टेशन असतं. वादळ येतंय, शाळा बंद आहेत, महापालिकेत काय ठरलं, हे तिथे कळतं. छोट्या शहरांतली वर्तमानपत्रं बंद पडत चालली आहेत, जाहिराती गूगल आणि फेसबुककडे गेल्या. अशात न्यूजरूम चालवायला ही फी हाच भरवशाचा पैसा उरलाय.

पण तो पैसा पूर्ण न्यूजरूममध्ये पोचत नाही. पूर्वी नेटवर्क आपले कार्यक्रम दाखवल्याबद्दल स्थानिक स्टेशनला पैसे द्यायचं. आता उलटं झालंय. नेटवर्क म्हणतं, तुम्हाला केबलकडून फी मिळते ती आमच्या फुटबॉलमुळे, तर त्यातला मोठा वाटा इकडे द्या. स्टेशनांची मालकीही आता मोजक्या कंपन्यांकडे गेली आहे. सगळ्यात मोठ्या नेक्सस्टारने ऑगस्ट 2025 मध्ये टेग्ना ही दुसरी कंपनी 6.2 अब्ज डॉलरला घेण्याची घोषणा केली. जितकी जास्त स्टेशनं एका हातात, तितका वाटाघाटीत जोर जास्त.

इंटरनेटवरच्या सेवांच्या बाबतीत तर स्थानिक स्टेशन टेबलावरही नसतं. 1992 चा कायदा केबल आणि डीटीएचसाठी आहे. यूट्यूब टीव्हीसारख्यांशी सगळ्यांच्या वतीने नेटवर्कच बोलतं. एबीसीशी जोडलेल्या दोनशेहून अधिक स्टेशनांपैकी डिस्नेच्या मालकीची फक्त आठ आहेत. तरी डिस्नेचा करार मोडला तेव्हा बाकीचीही त्या सेवेवरून गेली. त्यांच्या बातम्या गेल्या, आणि त्यांना विचारलंही गेलं नाही.

मधल्या काळात एक पळवाट निघाली होती. एरिओ नावाच्या कंपनीने नाण्याएवढे हजारो अँटेना लावून प्रत्येक ग्राहकाला एकेक भाड्याने दिला आणि हवेतली फुकट चॅनल इंटरनेटवर दाखवली, महिना आठ डॉलरमध्ये. जून 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने 6 विरुद्ध 3 मतांनी ते बेकायदा ठरवलं. घरावर स्वतःचा अँटेना लावणं मात्र आजही पूर्ण कायदेशीर आहे. एबीसी बंद झालेल्या कितीतरी घरांत ते त्याच वेळी अँटेनावर फुकट दिसू शकत होतं.

आणि आपल्याकडे?

भारतात पैसा बऱ्याचदा उलट्या दिशेने वाहतो. दूरदर्शनची ठराविक चॅनल दाखवणं 1995 च्या केबल कायद्याने बंधनकारक आहे, त्याची फी नाही. खासगी न्यूज चॅनल बहुतेक फ्री-टू-एअर आहेत. ती केबलवाल्याकडून पैसे घेत नाहीत, उलट यादीत जागा मिळावी म्हणून 'कॅरेज फी' मोजतात. डीडी फ्री डिशवर तर जागांचा लिलाव होतो. म्हणजे अमेरिकेत स्थानिक बातम्यांच्या स्टेशनला केबल कंपनी पैसे देते आणि इथे न्यूज चॅनल केबलला. साहजिकच इथल्या चॅनलला सगळा खर्च जाहिरातींतून काढावा लागतो, आणि टीआरपीची धडपड कुठून येते याचं एक उत्तर तिथेही आहे.

मालिका आणि क्रिकेटवाल्या चॅनलचं मात्र वेगळं. त्यांच्या दराबाबत ट्रायचे नियम आहेत. दर जाहीर करावे लागतात आणि 2022 च्या नोव्हेंबरमधल्या दुरुस्तीनुसार बुकेमध्ये घालायच्या चॅनलचा दर 19 रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. म्हणजे अमेरिकेत नसलेला पंच आपल्याकडे आहे. तरी फेब्रुवारी 2023 मध्ये तेच झालं. नव्या दरांच्या करारावर सही करायला मोठ्या केबल कंपन्यांच्या संघटनेने नकार दिला आणि डिस्ने स्टार, झी, सोनी यांनी सिग्नल तोडले. संघटनेच्या दाव्यानुसार साडेचार कोटी घरांना त्याचा फटका बसला. डीटीएच कंपन्यांनी सह्या केल्या होत्या. त्यामुळे एकाच बिल्डिंगमध्ये छत्रीवाल्या घरात 'आई कुठे काय करते' सुरू आणि शेजारच्या केबलवाल्या घरात स्क्रीन रिकामी, अशी स्थिती होती.

ट्रायने दराला लगाम घातला होता, पण वाद चालू असताना चॅनल बंद करायला कुणाला अडवलं नव्हतं. जेमतेम आठवडाभरात केबल कंपन्यांनी सह्या केल्या आणि चॅनल परत आली. नवे दर तेच राहिले.