खोकं जुनं, काळीज कुणाचं?

"भाऊजी, हे टाकून देऊ का?" वहिनींनी विचारलं आणि माळ्यावरून काढलेलं एक निळं पत्र्याचं खोकं जेवणाच्या टेबलावर ठेवलं. गेल्या उन्हाळ्यात मी इंग्लंडमध्ये, बेडफर्डजवळ, दादाच्या घरी होतो. दादाला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. खोक्यावर दोन दांडे, एक सुईचं मीटर, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची लांबलचक एरिअल आणि तिच्या टोकाला विटलेली पिवळी फीत. मॉडेल विमानं उडवण्याचा दादाचा ट्रान्समीटर. १९७६ साली, ओव्हरटाइमच्या पैशांतून घेतलेला.

"टाकायचं नाही," मी म्हणालो. पुतण्याही तेच म्हणाला. पण आमच्या दोघांच्या 'नाही'चा अर्थ एक नव्हता, हे संध्याकाळपर्यंत कळलं.

या छंदाबद्दल आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं, म्हणून थोडं सांगतो. टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये बिनतारी हुकमावर चालणारी छोटी नाव लोकांना दाखवली. विमानाची पाळी बरीच उशिरा आली. अमेरिकेतल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी १९३७ साली 'गफ' नावाचं मॉडेल रेडिओवर उडवलं. ते आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पुढे कितीतरी वर्षं सामान्य हौशी माणसाच्या हातात फक्त एक बटण असे. एकदा दाबून धरलं की विमान उजवीकडे, दोनदा दाबलं की डावीकडे, सोडलं की सरळ. विमानाच्या पोटात पीळ दिलेलं रबर, आणि बटणाच्या प्रत्येक हुकमाला ते थोडं उलगडणार. पीळ संपला की तुमची हुकमतही संपली! दादाची सुरुवात अशाच एका बटणावर झाली होती.

साठच्या दशकात दांड्यांचे सेट आले. दांडा जितका हलवाल तितकंच विमानाचं शेपूट हलणार. हे साधतं कसं, ते पुतण्याने मला कागदावर काढून दाखवलं. प्रत्येक दांड्यासाठी विजेचा एक ठोका. ठोक्याची लांबी दीड हजारांश सेकंद असली की शेपूट मधोमध. एककडे गेली की एका बाजूला, दोनकडे गेली की दुसऱ्या. चार ठोके, मग जरा मोठा विराम, पुन्हा चार ठोके. गंमत अशी की ही भाषा आजही तशीच आहे. बाजारात आज मिळणारी साधी सर्व्हो मोटर त्याच ठोक्यांना मान डोलावते.

पुतण्याचा बेत असा होता : खोकं ठेवायचं, दांडे ठेवायचे, आतलं २७ मेगाहर्ट्झचं सर्किट काढून फेकायचं आणि तिथं २.४ गिगाहर्ट्झचं नवं मॉड्यूल बसवायचं. जुन्या सेटची आवड असलेली पुष्कळ मंडळी आता हेच करतात. "काका, बाहेरून बाबांचाच राहील की!"

मला राग आला. त्याचं कारण दादा नव्हता, माझी बँक होती. आमच्या शाखेत संगणक आले तेव्हा हातानं लिहिलेली लेजरं रद्दीत काढायच्या टिपणावर माझी सही होती. लाकडी कपाटं मात्र आम्ही पॉलिश करून ठेवून घेतली, दिसायला बरी म्हणून. कपाटं राहिली आणि ज्यासाठी ती कपाटं होती ते गेलं. त्या लेजरांत एका म्हाताऱ्या हेडकॅशियरचं मोत्यासारखं अक्षर होतं. नियमानं मी बरोबरच होतो. अजूनही टोचतं.

तेव्हा मी म्हटलं, आधी दुरुस्त होतो का ते पाहू. मागचं झाकण उघडलं तर निकेल-कॅडमियमचे आठही सेल फुटून हिरवट-पांढरा थर चढलेला. तो अल्कलीचा, म्हणून व्हिनेगर. जुन्या दातब्रशानं वहिनींच्या स्वयंपाकघरातलं व्हिनेगर चोळलं, पाण्यानं पुसलं, वर स्पिरिट. बॅटरीची ऋण बाजूची तार मात्र बाहेरून धडधाकट, आणि आवरण सोलावं तर आत तांबं कोळशासारखं काळं. त्यावर डाग बसतच नाही. हा या जुन्या सेटांचा ठरलेला रोग आहे. अख्खी तार बदलावी लागते. सुकलेले कपॅसिटर बदलले. दांड्यांखालच्या कार्बनच्या पट्ट्या नेमक्या मधोमध झिजल्या होत्या, कारण दांडा सगळ्यात जास्त वेळ मध्येच तर असतो. दादाचा अंगठा जिथं वर्षानुवर्षं विसावला, तिथली ती झीज! नवं सर्किट बसवणाऱ्याला ती दिसलीही नसती.

इथं पुतण्याची बाजू न मांडणं अन्यायाचं होईल. जुन्या सेटांवर एका क्रिस्टलची एकच वारंवारता, आणि तिचा रंग एरिअलच्या फितीवर. तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. दादाची पिवळी, म्हणजे २७.१४५. मैदानावर फळा असे. आपल्या रंगाची खुंटी हातात आल्याशिवाय सेट चालू करायचा नाही. दोन पिवळे एकदम सुरू झाले की एकाचं विमान जमिनीत. शिवाय सत्तरीच्या अखेरीस बेकायदा सी.बी. रेडिओवाल्यांनी हाच पट्टा व्यापला. १९८१ साली तिकडे सी.बी.ला परवानगी मिळाली, आणि विमानवाले हळूहळू ३५ मेगाहर्ट्झवर सरकले. २७चा पट्टा मॉडेलना आजही खुला आहे, पण वरून कोण बोलेल याचा नेम नाही. नव्या सेटात ही भीतीच उरलेली नाही. "काका, विमान दोन किलोचं आहे. एखाद्या पोराच्या डोक्यावर आलं तर?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

पण म्हणून चालू होऊ शकणारे सेट पोखरायचे, हे मला पटत नाही. उडवण्यासाठी नवा सेट घ्यावा; तो काही फार महाग राहिलेला नाही. जुन्याच दांड्यांचा हव्यास असेल, तर ज्याचं सर्किट खरोखर मेलंय असं खोकं शोधावं. आणि तिथंही कापाकापी नको. जुनं सर्किट स्क्रू काढून अलगद उचलावं, चिठ्ठी लावून डब्यात ठेवावं, म्हणजे उद्या कुणाला परत बसवता येईल. ओल्ड वॉर्डनच्या धावपट्टीवर १९०९ सालचं ब्लेरिओ विमान आम्ही पाहिलं. त्यात नवं इंजिन घालून ते लांब पल्ल्याला न्यावं, असं तिथं कुणी म्हणत नाही. ते चालतं तेवढंच चालवतात, वारा पडलेला बघून.

पुतण्या पूर्ण पटला असं नाही. "तुम्ही कादंबरीवाले," एवढंच म्हणाला आणि डाग द्यायची कैया पुन्हा गरम करायला ठेवली.

शेवटी पल्ल्याची परीक्षा. एरिअल मिटवून मी परसात उभा, आणि रिसीव्हर, सर्व्हो, बॅटरी ताटात घेऊन वहिनी स्वयंपाकघराच्या दारात. विटलेल्या फितीच्या जागी त्यांनी त्यांच्या हळदी रंगाच्या जुन्या साडीची पट्टी बांधली होती. पहिली फीतही त्याच साडीची होती, हे मला तेव्हा कळलं. मी तीस पावलं मागे गेलो आणि डावा दांडा हलवला.

"हलतोय हो, भाऊजी," वहिनी तिकडून ओरडल्या. "जरा थरथरतोय, पण हलतोय."