सर्व्हर पडण्याआधीचा निर्णय

प्रॉडक्शन सर्व्हर पॅनिक झाला की सगळ्यांचे लक्ष तो पुन्हा कधी उभा राहतो याकडे लागते. तेवढ्यात केडम्पच्या राखीव मेमरीतला दुसरा कर्नल जागा होऊन पडलेल्या कर्नलची मेमरी डिस्कवर लिहितो. त्या फाइलमध्ये काय जावे, हे आपल्यापैकी किती जणांनी स्वतः ठरवले आहे?

डम्पमधून कोणती पेजेस वगळायची हे ठरवणाऱ्या मेकडम्पफाइलच्या गाळणीचे आकडे सर्वांना ठाऊक आहेत: झिरो पेजेस १, साधे कॅशे २, प्रायव्हेट कॅशे ४, युजर डेटा ८, फ्री पेजेस १६. बेरीज ३१. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची मूळ सेटिंगही हीच. पण ३१ लावले म्हणजे डम्प निर्धोक झाला, ही समजूत घातक आहे. अ‍ॅप्लिकेशनने अजून न उचललेला सॉकेट बफरमधला मजकूर आणि डीएम-क्रिप्टची किल्ली कर्नलच्याच मेमरीत असतात. प्रोसेसच्या कोअर डम्पसाठी लावलेली ‘डोन्टडम्प’ खूण कर्नल डम्पला लागू होत नाही. दुसरीकडे, मोकळ्या केलेल्या पेजवर कुणी नंतर लिहिल्याचा संशय असेल, तर ३१ नेमका पुरावाच गाळते. तिथे १५ हवे.

मायक्रोसॉफ्टची किल्ली हल्लेखोरांच्या हाती लागल्याचे स्टॉर्म-०५५८ प्रकरण आठवा. सही करण्याची ती किल्ली एप्रिल २०२१ च्या एका क्रॅश डम्पमधून बाहेर गेली असावी, असे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितले. मार्च २०२४ मध्ये मात्र किल्ली असलेला डम्प सापडलेला नाही, हेही कंपनीला जाहीर करावे लागले. आपल्या डम्पमध्ये काय होते आणि तो कुठे गेला, याची नोंद का हवी, ते यावरून कळते.

म्हणून या महिन्यात एक काम कराच. चाचणीच्या सर्व्हरवर ओळखू येईल असा खोटा पासवर्ड मेमरीत ठेवा, सिसआरक्यूने मुद्दाम पॅनिक घडवा आणि डम्पमध्ये तो शोधा. डम्प कॉम्प्रेस केलेला असतो. ग्रेपला काही सापडले नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, डम्प वाचणाऱ्या ‘क्रॅश’ या साधनाच्या सर्च कमांडने पाहा. कर्नलमधल्या ठरावीक जागा पुसायच्या असतील, तर मेकडम्पफाइलच्या कॉन्फिग फाइलमध्ये इरेजची सोय आहे.

एवढे करूनही डम्पला लॉग फाइलसारखे वागवू नका. त्याला चालू डेटाबेसइतकेच कुलूप लावा, व्हेंडरकडे पाठवताना कुणाची तरी सही घ्या आणि काम संपताच तो पुसा. ज्यांची माहिती त्यात अडकलेली असते, त्यांना डम्प म्हणजे काय हे माहीतही नसते. त्यांच्या वतीने विचार करणारे तिथे फक्त आपणच असतो.